दसऱ्याच्या ताटातली टोपी

दारात ठेवलेली दुधाची बाटली आत आणण्याआधी बाबा तिचं चंदेरी झाकण अंगठ्याने दाबून बघायचे. कुठे खळगा किंवा भोक दिसलं की दूधवाल्याने उघडून पाणी घातलंय, असं त्यांचं ठाम मत. साउथहॅम्प्टनमधल्या आमच्या रस्त्यावर ती झाकणं पक्षी टोचतात हे सगळ्यांना माहीत होतं. समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी तर बाबांना एकदा पडद्याआडून पक्षी दाखवलासुद्धा. बाबा घरी येऊन म्हणाले, "पक्षी असेल, पण रोजच कसा असेल?" इस्पितळाच्या लॅबमध्ये ते दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली परक्यांच्या रक्तात काय बिघडलंय ते शोधायचे, आणि संध्याकाळी तीच नजर घेऊन घरी यायचे. आईने आमटीत गूळ घातला की साखर, शेजाऱ्याने कुंपण चार बोटं इकडे सरकवलं की काय, मी लायब्ररीतून येताना पाच मिनिटं कुठे घालवली, सगळ्याची तपासणी व्हायची. त्यात दुष्टावा नव्हता. आज मी त्यांच्या वयाला पोचले आहे, तेव्हा कळतं की परक्या देशात आपल्याला कुणी फसवू नये एवढीच त्यांची धडपड होती. पण घरात सतत तपासणी होत असली की माणूस एक गोष्ट फार लवकर शिकतो, ती म्हणजे लपवणं. ते मी शिकले.

सगळ्यात जास्त संशय गाडीवर. पिस्ता रंगाची, दुसऱ्याच्या हातून आलेली छोटी पेट्रोल गाडी. इंजिन अकराशे सीसीचं, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, साठेक घोड्यांची ताकद, पोटात सव्वातीन लिटर तेल. हे आकडे मला अजून पाठ आहेत, जसे काही जणांना पाढे असतात. त्या इंजिनाच्या खोडीही ठरलेल्या. थंडीत सुरू केलं की पहिली दोन मिनिटं वरून शिलाई मशीनसारखी टकटक. वरच्या कव्हरचं गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पट्टी, दर दोन-तीन वर्षांनी पाझरायचं, मग हीटरमधून जळक्या तेलाचा वास आत यायचा आणि आई नाकाला पदर लावून बसायची. टायमिंग बेल्ट रबराचा, तो वेळेवर बदलला नाही तर एक दिवस न सांगता-सवरता तुटणार. आणि सगळ्यांत मोठी धास्ती हेड गॅस्केटची. ते फुटलं की पाणी तेलात शिरतं आणि तेल ओतायच्या भोकावरच्या टोपीला आतून पांढरट साका धरतो, थेट मेयोनेजसारखा. आता गंमत अशी, की तसाच साका नुसत्या छोट्या फेऱ्या मारल्या तरी धरतो. इंजिन नीट तापत नाही, आतली वाफ टोपीखाली थिजते, बाकी काही बिघाड नसतो. बाबांची गाडी हिवाळाभर घर ते इस्पितळ एवढीच धावायची, त्यामुळे साका असायचाच. पण निरुपद्रवी कारण पुढे असलं की बाबांना ते हमखास खोटं वाटायचं.

गाडी बघायचे सावंतकाका. दत्ताराम सावंत, मूळचे मालवणकडचे, बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर होते. साउथहॅम्प्टनला उतरले ते उतरलेच. लग्न नाही, संसार नाही. शर्ली भागातल्या त्यांच्या घराच्या ड्राइव्हवेवर शनिवार-रविवार आपल्या लोकांच्या गाड्या लागलेल्या असायच्या. डॉक्टरांच्या, नर्सच्या, बंदरावर काम करणाऱ्यांच्या. रेल्वेच्या कमानीखाली एक गाळा भाड्याने घेऊन रीतसर गॅरेज काढायचं त्यांनी ठरवलं होतं, पाटी कशी असावी तेसुद्धा मला कागदावर काढून दाखवलं होतं. आमच्याकडे आले की आई थालीपीठ वर्तमानपत्रावर द्यायची, कारण हात कोपरापर्यंत काळे. ते कागद गुंडाळून, थालीपिठाला बोट न लावता खायचे आणि म्हणायचे, "वहिनी, बोटीवर चार वर्षं मी उकडलेल्या बटाट्यांशी संसार केला. आता मरेपर्यंत तुमच्या घरची गाडी बिघडत राहो."

"तसं नका बोलू, हे ऐकतील," आई म्हणायची. बाबा ऐकतच असायचे.

मला इंजिन शिकवलं ते त्यांनी. मी तेराएक वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी बॉनेटखाली वाकून उभी राहायचे. ते फार समजावत नसत. माझा हात धरून गरम मॅनिफोल्डपासून, धुराच्या नळ्यांपासून, वीतभर लांब धरायचे आणि विचारायचे, "काय गो, किती तापलाय?" त्यांचा एकच कडक नियम होता. तेलाची टोपी काढली की ती खिशात जाणार, खिसा नसेल तर दातात. बॅटरीवर नाही, बंपरवर नाही, कुठेच ठेवायची नाही. "टोपी ठेवलीस म्हणजे विसरलीस," ते म्हणायचे. "आणि टोपी नसली की हे इंजिन स्वतःचं रक्त स्वतः ओकतं."

सतराव्या वर्षी मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जायचं म्हणाले, तेव्हा घरात आठवडाभर कुणी धड जेवलं नाही. बाबांना फार्मसी हवी होती. पांढरा कोट, उबदार दुकान. शेवटी त्यांनी अट घातली. "युनिव्हर्सिटीचा फॉर्म नोव्हेंबरात जायचाय ना? तोपर्यंत गाडीचं तेल-पाणी तू बघ. एक जरी चूक झाली, तर फॉर्मवर फार्मसी." मी हो म्हणाले. मला खात्री होती की माझ्या हातून चूक होणार नाही.

त्या वर्षी दसरा शनिवारी आला. आदल्या संध्याकाळी काकांनी गाडीचं वरचं गॅस्केट बदललं, नवं तेल घातलं, टोपी घट्ट पिळली. ती पिळताना मी बघितली आहे, माझ्या या डोळ्यांनी. हे आधीच लिहून ठेवते. सकाळी उठले तर स्वयंपाकघरात चक्क्याचं फडकं नळाला टांगलेलं, श्रीखंडाला वेलदोड्याचा वास, पुऱ्यांची कणीक ओल्या फडक्याखाली. आपटा मिळत नाही म्हणून आई दर वर्षी मागच्या अंगणातल्या लायलॅकची पानं सोनं म्हणून घ्यायची. आकाराने बदामासारखी असतात, फार वाईट नाही दिसत. आम्हाला दुपारच्या जेवणाला रेडिंगला बाबांच्या आतेभावाकडे जायचं होतं, सोनं द्यायला. त्याआधी गाडीची पूजा.

बाबा बूट घालता घालता म्हणाले, "सावंतने तेल पूर्ण घातलं का, बघितलंस?"

"काल घातलं माझ्यासमोर."

"समोर घातलं म्हणजे पुरं घातलं असं नाही. डिपस्टिक काढून बघ. आणि टोपी काढून साका आहे का तेही बघ. गॅस्केट बदललं म्हणतो. कुठलं बदललं देव जाणे."

मी गेले. डिपस्टिकवर तेल बरोबर वरच्या खुणेला, मधासारखं स्वच्छ. मग टोपी काढली. आतून कोरडी, काळी, साका नाही. मी सणाची सलवार-कमीज घातली होती, तिला खिसा नव्हता. टोपी दातात धरायची लाज वाटली, कारण समोरच्या बाई खिडकीत उभ्या होत्या. तेवढ्यात आई पूजेचं ताट घेऊन आली, म्हणाली, "धर गं जरा, पदर सुटलाय." मी ताटात विड्याच्या पानाखाली टोपी सरकवली आणि दोन्ही हातांनी ताट धरलं. एवढंच. याच्याहून जास्त काही घडलं नाही.

आईने ताट परत घेतलं. इंजिनला हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपरमार्केटमधल्या पिवळ्या शेवंतीचं एक मोठं फूल नेमकं त्या भोकावर ठेवलं. तिथे ते छान बसतं असं तिला वाटलं असणार. बाबांनी पुढच्या जाळीला हार बांधला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बॉनेट खाली आपटलं. ताट आत गेलं. मी श्रीखंडाचा डबा मांडीवर घेऊन मागे बसले.

विंचेस्टर ओलांडल्यावर वास यायला लागला. बाबा म्हणाले, "बघ, गॅस्केट बदललंच नाहीये." त्यांच्या आवाजात राग होता, पण मला वाटतं थोडं समाधानही होतं. मग बॉनेटच्या कडांतून निळसर धूर, काचेवर तेलाचे बारीक तुषार, आणि डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा. आई म्हणाली, "अहो, थांबा ना." बाबा म्हणाले, "पुढच्या एक्झिटला." ते अर्धं मिनिटच जास्त झालं. खालून आधी ठकठक, मग कुणीतरी आतून हातोडा मारतंय असा आवाज, मग एक हिसका आणि सगळं गप्प. गाडी रस्त्याकडेच्या मोकळ्या पट्ट्यावर, हार्ड शोल्डरवर, घरंगळत जाऊन थांबली. बाबांनी बॉनेट उघडलं. आत सगळं काळं, चकचकीत, तेलाने न्हालेलं. फूल कुठेच नव्हतं. मधोमध फक्त भोक.

"टोपीच नाही!" बाबा ओरडले. शेजारून ट्रक जात होते, गाडी हलत होती. "टोपी न बसवता गाडी दिली हलकटाने!"

त्या क्षणी मला विड्याचं पान आठवलं. श्रीखंडाचा डबा माझ्या हातात होता, त्याचं झाकण मी इतकं दाबून धरलं की अंगठ्यावर वळ उठला. बाबा माझ्याकडे वळले. "तू सकाळी बघितलंस. टोपी होती?"

मी म्हणाले, "मी फक्त डिपस्टिक बघितली."

त्यांनी माझ्याकडे एरवी बघायचे तसं बघितलं नाही. पहिल्यांदाच त्यांनी माझं बोलणं न तपासता खरं मानलं.

टो करणाऱ्या ट्रकमधून घरी आलो. ताट ओट्यावर तसंच होतं. आई कपडे बदलायला वर गेली तेवढ्यात मी पान उचललं. टोपी तिथेच. कुंकवात लडबडलेली, खाचांमध्ये अक्षता अडकलेल्या. मी ती टिश्यूत गुंडाळून कंपासपेटीत ठेवली. देठाकडे पानावर तेलाचा गोल डाग पडला होता. ते पान मी टाकायला विसरले. नंतर आईने ताट घासलं, तिने मला काही विचारलं नाही. तिने ते बघितलं होतं का, या संशयात मी पुढची कित्येक वर्षं काढली. तिने नुसतं "शुभा" म्हणून हाक मारली तरी माझी नजर आधी ओट्याकडे जायची.

रविवारी सकाळी काका आले. कुणाशी न बोलता त्यांनी इंजिनचं वरचं कव्हर काढलं. मी दारात उभी होते. ते बराच वेळ वाकून बघत राहिले, मग कॅमशाफ्टच्या दांड्याखालून चिमटीने काहीतरी उचललं, तळहातावर घेतलं आणि शर्टच्या खिशात टाकलं. मान वर करून त्यांनी बाबांकडे बघितलं, आईकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"टोपी कुठाय, सावंत?" बाबा.

काकांनी हत्यारांच्या पेटीतून फडकं काढलं.

आई पुढे आली. तिचा स्वर बाबांसारखा नव्हता, ती खरंच विचारत होती. "भाऊजी, तुम्ही टोपी बसवली होती ना? तुम्ही सांगा, मी मानीन."

काकांनी हात पुसले. फडक्याच्या एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. "नसेल बसवली, वहिनी," ते म्हणाले. "घाई झाली असेल. मी इंजिन उघडून परत बांधून देतो, मला महिनाभर द्या."

"या इंजिनाला तुम्ही पुन्हा हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. त्या दिवशी थालीपीठ झालं नाही.

आमच्या मराठी मंडळाची दिवाळी चर्चच्या हॉलमध्ये असायची. बाबांनी तिथे चकलीच्या ताटाभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला हार्ड शोल्डरची गोष्ट सांगितली, आणि कबुलीही: "स्वतः म्हणाला, घाई झाली." कुणी काकांशी भांडलं नाही. फक्त एकेक करून शर्लीच्या ड्राइव्हवेवरच्या गाड्या कमी झाल्या. डॉक्टरांना अचानक घराजवळचं गॅरेज सोयीचं वाटायला लागलं. कमानीखालचा गाळा दुसऱ्या कुणीतरी घेतला. काका बस डेपोत नोकरीला लागले. माझा फॉर्म नोव्हेंबरात गेला, त्यावर मेकॅनिकल इंजिनिअरिंग लिहिलेलं होतं. बाबांनी सही करताना म्हटलं, "तू तरी निष्काळजी नाहीस."

मी आज काय काम करते ते सांगितलं तर कुणाला हसू येईल. गाड्यांची इंजिनं वॉरंटीत असताना बिघडतात, तेव्हा दोष कुणाचा हे ठरवणाऱ्या टीममध्ये मी आहे. सध्या आमच्या टेबलावर एक लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल इंजिनं सारखी येतात. दिसायला एवढीशी, ताकद बाबांच्या गाडीच्या दुपटीच्या आसपास. त्यांतल्या काहींचा टायमिंग बेल्ट तेलातच बुडालेला असतो. चुकीचं तेल घातलं किंवा ते वेळेवर बदललं नाही, की रबराचे कण सुटतात, खालच्या जाळीत जाऊन बसतात, तेलाचा दाब उतरतो, आणि मग तोच लाल दिवा. मी सर्व्हिसचे शिक्के बघते, तेलाचा नमुना बघते, आणि कुणाचंच ऐकत नाही. ऑफिसात म्हणतात, शुभाला फसवता येत नाही. गेल्या हिवाळ्यात ग्लासगोच्या एका छोट्या गॅरेजचं प्रकरण आलं. एकटा माणूस चालवतो. त्याचं पत्र होतं, "मी बरोबर तेल घातलं होतं." मी नेहमीप्रमाणे टाइप केलं, 'दोष: सर्व्हिस करणाऱ्याचा', आणि पुढे माझी बोटं चालेनात. मी नमुना परत तपासायला पाठवला. शनिवारी कंपासपेटी पर्समध्ये घातली आणि मी राहते त्या मेडनहेडहून एकटीच शर्लीला गेले. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ते असताना मी गेले नाही, याला मी भित्रेपणा सोडून दुसरं काही नाव देणार नाही.

काकांनी दार उघडलं. पंचाहत्तरी उलटलेली, एका कानात मशीन, हात मात्र स्वच्छ. इतके स्वच्छ की मला बघवेनात. मी बसलेही नाही. टोपी टेबलावर ठेवली आणि इतकी वर्षं मनात घोटलेलं वाक्य बोलले, "काका, टोपी मी काढली होती."

त्यांनी टोपी उचलली, उलटी केली, अंगठ्याने आतली रबराची कडी दाबली. "सील कडक झालाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "माहीत होतं गो."

"कसं?"

"कॅमशाफ्टखाली तांदळाचा दाणा होता. कुंकवातला. मी शुक्रवारी टोपी लावली, म्हणजे पूजेच्या वेळी ती उघडी होती. त्या घरात टोपी उघडायला कोण जातं? तुझे बाबा? ते कधी तेलाला हात लावत नसत."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"तुझा फॉर्म जायचा होता ना." ते टोपी फिरवत राहिले. "म्हटलं, नोव्हेंबर होऊ दे. फॉर्म गेला की पोरगी आपणहून येईल. नोव्हेंबर गेला. म्हटलं, ख्रिसमसला येईल. मग म्हटलं, कॉलेजातून सुटीला आली की येईल." एवढं बोलून ते उठले, किटली लावली, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "खिशात नाहीतर दातात. सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं."

"मग."

त्यांनी चहा दिला. माफ केलं असं म्हणाले नाहीत, आणि मी मागायची हिंमत केली नाही. निघताना दारात म्हणाले, "मंडळाचं काही नाही. ते लोक आता कुठे आहेत? पण तुझी आई म्हणाली होती, 'तुम्ही सांगा, मी मानीन.' त्या बाईशी मी खोटं बोललो. तेवढं तिला सांग."

आई आता माझ्याकडे मेडनहेडला असते. एक्याऐंशी वर्षांची आहे, भिंग घेऊन वाचते, आणि वाचते ते मराठीच. म्हणून हे प्रकरण मी मराठीत लिहिलं. माझं मराठी मोडकं आहे, पानोपानी तिच्याच जुन्या शब्दकोशात बघावं लागलं. तोंडाने सांगायचे मी तीन महिने प्रयत्न केले. प्रत्येक वेळी स्वयंपाकाचा विषय निघाला. इथपर्यंतची पानं आज सकाळी तिच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. बाहेरच्या खोलीतून पान उलटल्याचा आवाज येत होता, मग बराच वेळ आला नाही.

हे शेवटचं नंतर लिहिते आहे. ती दारात येऊन उभी राहिली. रडलेली नव्हती. मी टोपी तिच्या तळहातावर ठेवली. तिने नखाने खाचेतलं कुंकू खरवडलं, बोटाला लागलं ते बघितलं.

"त्या विड्याच्या पानाला तेलाचा वास येत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्याच हाताचा. पुऱ्यांचा."

तिने बोटावरचं कुंकू दुसऱ्या बोटाने पुसलं.

"भाऊजी अजून शर्लीतच?"

"हो."

"गाडी काढ."

मी किल्ली घेतली, बूट चढवले. दार उघडलं तर मागून तिची हाक आली. ती कोट घालत होती, एक हात बाहीत आणि एक बाहेर.

"थांब. आधी बॉनेट उघड. मला बघू दे."